प्लास्टर आणि कारल्याची पुरचुंडी

आसेगाव. माघ, सोमवार, सायंकाळ.

मी, नामदेव तुळशीराम, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी पास, व्यवसाय भाजीपाल्याची बागाईत, हे डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे असले तरी मजकूर खरा आहे.

मोडलेल्या उजव्या मनगटाचे प्लास्टर अजून पंधरा दिवस ठेवावयाचे आहे. परंतु उद्या शेलूबाजारला मेथी न्यावयाची आणि माझ्यासारखी सरळ जुडी घरात कोणास बांधता येत नाही. म्हणून मी विळ्याने प्लास्टर कापावयास बसलो. एम. एस्सी. शिकणारी नात सुजाता हिने विळाच काढून घेतला.

"आबाजी, आत हाड बनून राह्यलं. पेशीतून चरबीच्या पातळ कातडीचे बारीक फुगे निघतात. त्या कातडीतले प्रोटीन कॅल्शियम आत घेतात, तवा फुग्यात हाडाचा पहिला कण धरते. मंग फुगा फुटते अन् कण हाडात बसते. मनगट हललं का सारं मोडलं."

कॅल्शियम म्हणजे पानाला लावतो तोच चुना काय, हे विचारावयाचे राहिले.

"एकदा उघडून पाहू," मी म्हणालो.

"आजीनं कारल्याच्या बियांची ओली पुरचुंडी घाईनं सोडली, कवळे मोड तुटले, तवा तुमी तिले काय म्हटलं?"

अडाणी म्हटले होते.

प्लास्टर शाबूत आहे. उद्याच्या जुड्या पत्नी बांधील. त्या माझ्या आजच्या अक्षरासारख्याच होतील.

समक्ष हजर: नात सुजाता, आणि पत्नी गिरजाबाई, जिने "अडानी कोन, थे बी लिवा" असे हसत सांगितल्यावरून लिहितो: मी.