आईकडचे आजार

प्रिय भिंगरी,

रविवारी फोनवर तू सहज सांगितलंस, की डॉक्टरांनी आईकडचे आजार विचारले आणि तू ‘फक्त मधुमेह’ म्हणून मोकळी झालीस. ते उत्तर चुकीचं आहे. तुला ते मीच शिकवलं, तेव्हा निस्तरायचंही मलाच. त्यानंतर तीनदा फोन लावला, पण जीभ रेटली नाही. हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझे बाबा म्हणायचे, हिला वेळ विचारली तर ही घड्याळ कसं चालतं ते सांगते.

तर आधी आमच्या प्रयोगशाळेतली गंमत ऐक. सध्या माझ्याकडे रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी वाढवायचं काम आहे. बशीत घातल्या तेव्हा नुसत्या ऐसपैस पसरलेल्या, काम ना धाम. मग त्यांच्या शेजारी वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी आणून ठेवल्या. शेजारणींचे निरोप पोचले आणि आठवड्याभरात या बाया लांबट, सडपातळ होऊन एका दिशेने ओळीत लागल्या. आकसायला, सैलावायला शिकल्या. चक्क स्नायू झाल्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण बिघडलेल्या पोरांबद्दल म्हणतो. इथे शेजाराने चांगलं वळण लागलं. मी दुपारचा डबा विसरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते.

एका बशीत मात्र काही घडेना. शेजार तोच, निरोप तोच. माझाच हात चुकला असेल म्हणून दोनदा सगळं पुन्हा केलं. शेवटी आमच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, की त्या पेशी एका आजारी घराण्यातल्या आहेत. निरोप दाराशी येतो, पण आत तो नीट वाचला जात नाही. मग भिंत सैल राहते आणि हृदयातून निघणारी मोठी वाहिनी वर्षानुवर्षं फुगत जाते, काही न दुखता. गरोदरपणात तिच्यावर ताण वाढतो. ते ऐकल्यावर मला त्या बशीकडे बघवेना.

मी या घरात आले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तीनच महिन्यांनी बालवाडीचा फॉर्म भरताना ‘आईकडचे आजार’ या रकान्यात मी माझ्या आईचा मधुमेह लिहून टाकला. आई म्हटल्यावर मला मीच आठवले. चूक नंतर लक्षात आली, पण तिचा इतका आनंद झाला की खोडवेना. पुढे शाळेत तेच, कॉलेजात तेच. मग तू स्वतःच ते लिहू लागलीस आणि मी गप्प बसले. दुरुस्त करायचं म्हणजे त्या रकान्यातून मला उठावं लागणार होतं.

तुझी जन्मदाती तापाने गेली, असं आम्ही तुला सांगत आलो. ती तापाने गेली नाही. दुसऱ्या बाळंतपणात तीच वाहिनी फाटून गेली, बाळासकट. तिचे वडीलही तसेच गेले होते. तू घाबरून वाढू नयेस म्हणून बाबांनी ते लपवलं. त्यांच्यामागे मी का लपवलं, ते वर लिहिलंच आहे. तुझ्यात ते असेलच असं नाही, पण नसेलच असंही नाही. हृदयाची सोनोग्राफी दुखत नाही, तुझ्या पोटातल्या बाळालाही तिचा त्रास नाही, आणि आधी कळलं तर डॉक्टरांना पुष्कळ काही करता येतं. वाचून झालं की हाच कागद घेऊन त्यांच्याकडे जा. माझ्यावर खुशाल रागव, हवं तेवढं रागव, पण तपासून आल्यावर.

तुझीच,
जिला तू आजवर आई म्हणालीस ती