अंगातली सूज आणि माझा जादा ब्रेक

३ मार्च
रिपोर्ट आला. सीआरपी वाढलेला. डॉक्टर म्हणाले, अंगात कुठेतरी बारीक सूज आहे, हृदयाला ती बरी नाही. रोज अर्धा तास चाला, महिन्याने परत रक्त तपासू. घरी आरशात सगळीकडून पाहिलं. सूज फक्त पोटावर दिसते, पण ती जुनी आहे. बाबा माझ्याच वयात झोपेत गेले. घाबरलोय. उद्यापासून चालणे. नक्की.

४ मार्च
नवे बूट चावतात. उद्या.

९ मार्च
मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूला जादा ब्रेक असतो. दिवसभर मीच दाबतो. पायांचा व्यायाम झाला की. आज नव्या काकूंनी गाडी दुभाजकावर चढवली. माझं काळीज बराच वेळ धडधडत होतं, म्हणजे कार्डिओही झाला. हिला तसं समजावलं. ही बूट घालून एकटीच चालायला गेली.

१७ मार्च
छातीत डावीकडे टोचलं. संपलं सगळं. खिशातलं पेन निघालं. पण बाबांच्याही खिशात पेन असायचं.

३१ मार्च
काकू त्या दिवसापासून गायब, आज उगवल्या. परवा लायसन्सची टेस्ट, तेव्हा आज चार तास एकदम घ्या म्हणे. सुनावलं, हातापायांना वळण रोजच्या सरावाने लागतं, ऐनवेळी घासून नाही. वरमल्या. इतकं स्पष्ट बोलणारे शिक्षक हल्ली राहिले नाहीत.

२ एप्रिल
उद्या रक्त द्यायचंय. महिन्याचा बॅकलॉग आजच संपवला. टेकडी पळत चढलो, उतरलो, परत चढलो. घरी येऊन उठाबशा. सूज उतरल्याचं चांगलंच जाणवतंय.

४ एप्रिल
सीआरपी दुपटीच्या वर. विचारलं, किती दिवस उरलेत? डॉक्टरांनी उलट विचारलं, परवा काय केलंत? सांगितलं. म्हणाले, सवय नसताना एवढं केलं की स्नायू दुखावतात आणि सूज वाढते, रोज थोडं चाललं तर हळूहळू उतरते. ऐनवेळी घासून ही टेस्ट पास होत नाही. आठवडाभर आराम, मग रोज चालणं. खरा आकडा महिन्यानेच कळेल.

म्हणजे अजून महिनाभर घाबरायचं. दवाखान्याचा जिना कठडा धरून, बसत बसत उतरलो. ही भराभर उतरून खाली वाट पाहत उभी. तेवढ्यात काकूंचा फोन. टेस्टला नापास. आता रोज येते, अगदी नक्की, म्हणाल्या.

नक्की शब्द ऐकून पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. पोटरीत गोळा आला.