तीन हात बाजूने

प्रिय अण्णा,

आधी हे वाचा: मी धडधाकट आहे. हात, पाय, भुवया, सगळं जागच्या जागी. एवढी ओळ आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि पुढचं एकटेच वाचा. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, आणखी एकदा ‘हं’ म्हणता आणि आईकडे देता. हे ‘हं’वर भागणारं नाही. मांडीवर कागद धरून लिहितोय, त्यामुळे अक्षर आणखीच कोंबडीचे पाय झालंय. सांभाळून घ्या.

आईला मी सांगितलंय की मी रंगकाम करतो. चार महिन्यांपूर्वीपर्यंत ते खरं होतं. त्याआधी ट्रकवर होतो, त्याच्याआधी एका खाणावळीत भांडी घासली, आणि मध्ये महिनाभर पोहण्याच्या तलावावर शिट्टी घेऊन बसलो, मला स्वतःला पोहता येत नसताना. ती गंमत नंतर कधीतरी. तुम्ही मला भिंगरी म्हणता ते काही उगाच नाही. तर अण्णा, आता मी माती खणतो. तुम्ही म्हणाला होतात, काहीही कर, भीक माग, पण माझ्यामागून खड्ड्यात उतरू नकोस. उतरलो. आणि तेही त्याच शहरात, जिथे तुम्ही अकरा वर्षं गॅसच्या नळ्या टाकल्या.

आमची टोळी इंटरनेटच्या तारा पुरते. मुकादम, मशीनवाला, मी आणि पैलवान. पैलवान म्हणजे नुसती काडी आहे, जोराचा वारा सुटला की आम्ही त्याला खिशात दगड ठेवायला सांगतो. खणण्याआधीचं काम मला फार आवडायचं. मुकादम नकाशा पसरतो आणि मी रस्त्यावर रंगाने खुणा करतो. पाण्याची निळी रेघ, विजेची लाल, गॅसची पिवळी. एक घरमालकीण कमरेवर हात ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, दाराशी हे काय चितारून ठेवलंय, आमच्या ह्यांना आधीच सरळ चालता येत नाही, आता त्यांनी कुठल्या रेघेवरून घरी यायचं? विजेची तार आमच्या हातातल्या यंत्राला लगेच कळते, ते कोकलायला लागतं. गॅसची प्लॅस्टिकची नळी मात्र त्याला कळत नाही. म्हणून तिथे हाताने खड्डा काढायचा, आणि नळी डोळ्यांनी दिसेपर्यंत मशीन चालू करायचं नाही. मुकादम रोज सकाळी तेच तेच सांगतो, कागदाला लाज नसते, नळी दिसली तरच दिसली म्हणा.

परवा तो खड्डा माझ्याकडे होता. पिवळ्या रेघेवर, कुदळ बाजूला ठेवून, फावड्याने हळूहळू खणत गुडघाभर गेलो. नळी नाही. कमरेएवढं जायला हवं होतं, आणि तरी नाही सापडली तर दोन्ही बाजूंना उकरत जायला हवं होतं. पण समोर एकजण दुकानाची पाटी रंगवत होता. काना ओढताना तो ब्रश खालून वर न्यायचा, आणि तरी रेघ केसासारखी सरळ यायची. मला ते कधीच जमलं नाही. मी बघत उभा राहिलो. मुकादमाने लांबून ओरडून विचारलं, दिसली का रे? मी म्हटलं, दिसली.

आमचा चर त्या रेघेपासून तीन हात आत, भिंतीच्या कडेने होता. नकाशाप्रमाणे तिथे काहीच नव्हतं. पैलवान चराच्या टोकाला उभा राहून मशीनवाल्याला हाताने दिशा दाखवत होता. बकेट खाली गेली, वर आली, आणि तिच्या दातांना काहीतरी पिवळं लोंबत होतं. मला वाटलं चिंधी आहे. मग कुकरची शिट्टी अडकून राहावी तसा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. मशीनवाल्याचा हात इंजिन बंद करायला जाईपर्यंत भडका उडाला. तो निळा होता, अण्णा. मला वाटायचं आग पिवळी असते. पैलवानाने तोंडावर हात घेतले म्हणून तोंड वाचलं. मी त्याला शर्टाला धरून ओढलं तर नुसता शर्टच हातात आला, मग बखोटीला धरून बाहेर काढलं. त्यानंतर म्हणे मी रस्त्यात उभा राहून ‘दिसली, दिसली’ असं ओरडत होतो. मशीनवाला सांगतो. मला यातलं काही आठवत नाही.

पैलवान जगला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत, डॉक्टर म्हणतात बोटं वळतील पण वेळ लागेल. त्याच्या घरचं माणूस पोहोचेपर्यंत मी दवाखान्यात त्याच्यापाशी आहे, इथूनच लिहितोय. मी त्याला चमच्याने भरवतो तर म्हणतो, घास जरा मोठा दे की कंजूष, हात भाजलेत, पोट नाही. मी हसतो. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहतो.

आता जे सांगायचं ते. काल गॅसचा पुरवठा मागून बंद केल्यावर मुकादम आणि मी तो चर हाताने मोकळा करायला गेलो. फुटलेल्या नळीचा माग काढत उकरलं, तर ती थोडी पुढे जाऊन रस्त्याच्या बाजूला वळत होती. बरोबर वळणावर, मातीत, दोन विटा उभ्या आणि तिसरी त्यांच्यावर आडवी. चिमुकल्या दारासारखी. मुकादम म्हणाला, तीस वर्षांत असलं काही बघितलं नाही. मी बघितलंय, अण्णा. आपल्या परसात तुम्ही पाण्याची नळी झाडाच्या मुळाला वळसा घालून नेली तेव्हा मला शेजारी उकिडवं बसवून अशाच तीन विटा मांडल्या होत्या. म्हणाला होतात, उद्या कोणी खणलं तर त्याला कळेल इथे शहाणा माणूस येऊन गेलाय.

मला तो किस्सा आठवला, तुम्ही एकदा जेवताना सांगितलेला. खाली खडक लागला, साहेब म्हणाला सरळ जा, तुम्ही म्हणालात तुम्हीच डोकं आपटून फोडा, आणि नळी तीन हात बाजूने नेली. आईने विचारलं, मग नकाशात? तुम्ही म्हणालात, नकाशावरची साहेबाची सही वाळली होती, आता ती रेघ कोण हलवतो! सगळ्यात जास्त मीच हसलो होतो. तो किस्सा मी ट्रकवर सांगितलाय, खाणावळीत सांगितलाय. पैलवानालासुद्धा सांगितलाय.

मी मुकादमाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. मी ‘दिसली’ म्हटलं ती, आणि विटांची. वाटलं, आता फावडं डोक्यात पडतंय. तो फुटपाथच्या कडेला बसला आणि हातावरची माती झाडत म्हणाला, तुझा बाप जिवंत आहे का? मला ती शिवीच वाटली. पण तो खरंच विचारत होता.

कारण सोमवारी काम पुन्हा सुरू होतंय, अण्णा, चार टोळ्यांचं, त्या रस्त्यापासून थेट शाळेच्या फाटकापर्यंत, आणि चौघांच्या हातात तोच नकाशा आहे. तुमचे बाकीचे किस्से मला आठवतात. बुजवलेली विहीर, जुन्या घराचा पाया, आणि ते कुणीतरी बाई कुंपणाला हात लावू देईना ते. पण मी किस्से ऐकले, गल्ली कुठली ते कधी ऐकलंच नाही. म्हणून हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. ज्याने ते तुमच्या हातात दिलं तो दारातला माणूस आमचा मुकादम आहे. चेहरा रागीट आहे, पण साहेब नव्हे, तुमच्यासारखाच खड्ड्यात उतरणारा आहे. त्याच्या पिशवीत सगळे नकाशे आहेत. त्याला आत घ्या, चष्मा लावा आणि जिथे जिथे नळी वळवली तिथे तिथे लाल पेन्सिलने दाखवा. कुणी बोल लावलाच तर नळी तुम्ही वळवली आणि ‘दिसली’ मी म्हटलं, हे मी सगळ्यांसमोर सांगेन, एकट्या तुमच्यावर येऊ देणार नाही. फक्त एक करा. एखादी जागा नीट आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. अंदाजाने रेघ मारू नका. तिथे आम्ही हाताने खणू.

तुमचाच,
भिंगरी