बेताचा मार

तीर्थस्वरूप दादांस,

मधल्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे ही खुशाल आहे आणि मी परवाच्या जबाबाची वाट पाहतो आहे. तुम्ही वकिलीतून निवृत्त झालात हे ठाऊक आहे, पण कायदा काही निवृत्त झालेला नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

मंगळवारी भरदुपारी मी पुढच्या खोलीत एका कोटाचं कापड बेतत होतो. दाराला आतून कडी होती. ही मागच्या खोलीत झोपली होती (हिची दुपारची झोप म्हणजे घरावरून वरात गेली तरी मोडायची नाही). तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी वाजली. मी कापड मोजायचा गज उचलला, बाबांच्या हातचा तोच लाकडी, आणि आत गेलो, तर खिडकीतून आलेला एक दाढीवाला आमच्याच पेल्यातून पाणी पीत उभा! माझा चष्मा शिवणकामाचा, चार हातांपुढचा माणूस मला धुक्यातला दिसतो. मी पहिला फटका खांद्यावर हाणला. तो वळला, पेला जागच्या जागी उपडा ठेवला आणि पुन्हा खिडकीकडे निघाला. मी दुसरा हाणला. तो कानामागे बसला आणि माणूस आडवा झाला.

ठाण्यात मी छाती फुगवूनच गेलो होतो. वाटलं, शाबासकी मिळेल. साहेब माणूस सभ्य, शांतपणे एवढंच विचारलं, "दुसऱ्या फटक्याला त्याचं तोंड कुठे होतं?" मी म्हटलं, खिडकीकडे. मग त्यांनी समजावून सांगितलं की घरात घुसणाऱ्याला अडवायला लागेल तेवढंच बळ वापरायचं, तो पाठ फिरवून निघाला की आपला हक्क संपला. "पहिला फटका कायद्याचा, दुसरा तुमचा," म्हणाले. थोडक्यात, मार बेताचा हवा. दादा, तीस वर्षं मी लोकांचे कपडे बेततो आहे, आणि हे एक माप असं चुकलं की त्याच्या जिवावर बेतलं असतं.

परवाच्या लेखी जबाबात त्याचं तोंड माझ्याकडे होतं असं सांगितलं तर मी सुटतो आणि तो घरफोड्या ठरतो. खरं सांगितलं तर मीही अडकतो. मी खरं सांगणार आहे. कोट तसाच टेबलावर पडून आहे. गजाला मी हात लावलेला नाही, मला फार लाज वाटते.

आपला,
मधला

ता. क. त्याला सात टाके पडले. (डॉक्टरांचे टाके ओबडधोबड आहेत, मी घातले असते तर दिसलेही नसते.) पोलिसांना त्याने अजून नाव सांगितलेलं नाही. आता खिडकीबद्दल. तिचा खटका बाहेरून उघडायचा तर झडप वर उचलून खाली गुडघा द्यावा लागतो, हे जगात तिघांनाच ठाऊक आहे. एक तुम्ही, एक मी. तिसरा कोण, हे दवाखान्यात त्याचं तोंड जवळून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलं.

ता. क. २. माझा दुसरा फटका माझा मी निस्तरीन. पण घर तुमच्या नावावर आहे, तेव्हा हा चोर की घरचा हे तुम्हीच येऊन सांगायला हवं. ठाण्याचा जिना चढवत नसेल तर मी उचलून नेईन, पण परवाच्या आत या. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही धाकट्याला म्हणाला होतात, या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. काल शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "भाऊ, दादाला सांग, मी उंबरा नाही ओलांडला."