पाणी शंभरालाच उकळतं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहिणार. निरीक्षणाची नोंद त्याच दिवशी करावी, हे मी चोवीस वर्षं मुलांना सांगतो आहे. (ही डायरी जानेवारीत मिळाली होती. काही पानं वाया गेली.)

बातमी अशी, की धारवाडच्या एका संस्थेच्या सुकन्या मॅडम उद्या शाळेत येणार. विज्ञान प्रक्रिया कौशल्यांची चाचणी आहे. म्हणजे पाठांतर नाही. बघणं, मोजणं, गट पाडणं, अंदाज करणं, निष्कर्ष काढणं. आठवीच्या मुलांची चाचणी, आणि विज्ञान शिक्षकांचीही. हुबळी-धारवाडच्या एकेचाळीस शिक्षकांतून एक रिसोर्स पर्सन निवडणार, तो बाकीच्यांना ट्रेनिंग देणार. शिवाय प्रत्येक शाळेतलं एक मूल बेंगळुरूच्या दहा दिवसांच्या विज्ञान शिबिराला जाणार.

रिसोर्स पर्सन कोण होणार हे उघड आहे. बाकीचे चाळीस मी बघितले आहेत.

इंदूला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि डाळ ढवळत बसली. डाळ आजही कच्ची. तिचं नेहमीचं उत्तर: आमच्या वेंगुर्ल्याला पटकन शिजते, इथं शिजतच नाही. बावीस वर्षं हेच ऐकतोय. मी म्हटलं, डाळीला सासर-माहेर कळत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे उणकल तळ्याला एक फेरी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
उणकल तळं बघितलं. चिगरी सिटी बसमधून.

सुकन्या मॅडम आल्या. वय पस्तीसच्या आत, आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावर पोचणार नाही. मुलांनी चार टेबलांवर फिरायचं. एका टेबलावर जळती मेणबत्ती: पाच मिनिटं बघा आणि दिसेल ते लिहा. एकावर बारा पानं: गट पाडा. एकावर उकळत्या पाण्यात थर्मामीटर: वाचा आणि लिहा. चौथ्यावर अंदाज. पेपर आम्हीच तपासायचे आणि प्रत्येक गुणाचं कारण शेजारच्या रकान्यात लिहायचं.

मी उत्तरसूची मागितली. त्या म्हणाल्या, उत्तरसूची नाही सर, बरोबर काय ते तुम्हीच ठरवा. हा काय कारभार! शिक्षकांची चाचणी कधी, असं विचारलं तर हसल्या. होईल की सर, तुमचीपण होईल. तारीख नाही, वेळ नाही. डोक्यात तिडीक गेली.

घरी बसून स्वतःच उत्तरसूची केली. हिरव्या शाईत. आमच्या शाळेत हिरवी शाई फक्त माझ्याकडे आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज चाचणी झाली. चौतीस मुलं. मला या पिढीची किळस आली आहे, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

मेणबत्ती. एकाने लिहिलं, मेणबत्ती थोडी वाकडी आहे. एकीने लिहिलं, दार उघडलं की ज्योत अप्पाजींकडे झुकते. (अप्पाजी आमचे लॅब अटेंडर. दारापाशी उभे असतात, दुसरं काही करत नाहीत.) एकाने लिहिलं, विझवल्यावर जास्त वास येतो. ज्वलन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांचा कुठे पत्ताच नाही. सगळ्यांना शून्य.

थर्मामीटर. इथे तर हद्द झाली. पंचवीस मुलांनी लिहिलं ९८. नऊजणांनी १००. हे नऊजण माझ्या ट्यूशनचे, हे सांगायला नको. त्यातल्या अनिशने लॅबमध्ये यायच्या आधी, बाहेर रांगेत उभं असतानाच १०० लिहून ठेवलं होतं. याला म्हणतात तयारी.

आरुषी नावाची मुलगी आहे. वडील संघपाल, रेल्वेत आहेत. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, नीट बघ. तिने नीट बघितलं. वाकून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून. मग म्हणते, नोड्री सर, बघा की, अठ्ठ्याण्णवालाच थांबलाय. मी म्हटलं, पाणी शंभरालाच उकळतं, पुस्तक काढ. तिने पुस्तक काढलं, वाचलं आणि परत थर्मामीटर बघितला! पुस्तक समोर असताना! खोड म्हटलं, तर खोडलं नाही. शून्य. कारणाच्या रकान्यात लिहिलं: निरीक्षण कौशल्य अजिबात नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
शाळा सुटल्यावर न्यायबुद्धीने मी स्वतः थर्मामीटर तपासला. ९८. म्हणजे थर्मामीटर खराब. कपाटातले बाकीचे पाच काढले. सगळे ९८च्या आसपास. म्हणजे सगळे खराब. चोवीस वर्षं या लॅबचा मी इन्चार्ज आहे आणि मला कोणी सांगितलं नाही.

अप्पाजींना झापलं. ते म्हणाले, तीस वर्षं झाली सर, शंभर मी कधी बघितलंच नाही. जर्नलात शंभर पाहिजे असतंय, म्हणून पोरांना मीच सांगतो शंभर लिवा. असा माणूस लॅबमध्ये! मला या माणसाचा वीट आला आहे.

दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन दोन नवे थर्मामीटर आणले. ९८ आणि ९८. परत दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बिडरी सर, सोडा ते, धारवाडच्या कॉलेजांनाही हाच माल जातो. म्हणजे धारवाडही बुडालं.

चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि तीन मिरची भजी खाल्ली. वैतागात मोजदाद करत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
शास्त्रीय पद्धतीने विचार केला. गृहीतक एक: आच कमी. गॅस मोठा केला. ९८. पाणी आटलं, पारा हलला नाही. गृहीतक दोन: पाण्यातच काहीतरी कमी आहे. काय कमी असेल? क्षार!

इंदूचा मिठाचा डबा घेतला. एक चमचा टाकला. काही नाही. चार टाकले. किंचित हलला. अर्धा लिटर पाण्यात अख्खी वाटी रिकामी केली आणि बरोब्बर १००! अंगावर काटा आला. थर्मामीटर निर्दोष. पुस्तक निर्दोष. दोष हुबळीच्या पाण्यात.

इंदू आली. मीठ कुठे, असं विचारलं. मी प्रयोगाचं सांगितलं. तिने बीकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, अहो, वेंगुर्ल्यात मीठ न घालता उकळायचं हो. काही माणसांना कशातही माहेर आणता येतं. जेवण अळणी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वर्गात प्रात्यक्षिक दाखवलं. मीठ घरूनच विरघळवून नेलं होतं. ही फसवणूक नाही, पाण्याला केलेली मदत आहे. लहान मुलांना सगळे तपशील देऊन गोंधळवायचं नसतं.

पारा चढला, ९८ ओलांडला, शंभरावर थांबला. मी म्हटलं, दिसलं? आता उदार मनाने एक संधी देतो, ज्यांचं चुकलंय त्यांनी आपापल्या पेपरवर खोडून दुरुस्त करा. चोवीसजणांनी मुकाट्याने केलं. रबर कमी पडले, एकमेकांना दिले. मला समाधान वाटलं. शिकवणं म्हणजे हेच.

पंचविसावी आरुषी. हात वर. म्हणते, सर, तुमच्या बीकरच्या काठावर पांढरं साचलंय, त्या दिवशीच्या बीकरला नव्हतं. मी तिला बस म्हणेपर्यंत तिने बोट लावलं आणि चाखलं. खारट हाय की सर!

लॅबमधली वस्तू चाखली! सुरक्षेचा पहिला नियम! आणखी दोन गुण कापले. अप्पाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. या शाळेत शिस्त म्हणून राहिलेली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पेपर पाठवले. आरुषीने ९८ तसंच ठेवून खाली दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या. अशा मुलांचं मी वाचत बसत नाही. शिबिरासाठी अनिशचं नाव सुचवलं.

दुपारी आरुषीचे वडील ड्यूटीच्या कपड्यांतच आले. हात जोडून म्हणाले, सर, पोरगी दोन दिस जेवली नाही, शिबिराचं लई मनावर घेतलंय, काय चुकलं ते सांगा, मी समजावतो. मी माझ्याकडच्या प्रतीतून कारणाचा रकाना वाचून दाखवला. त्यांनी प्रत हातात घेऊन स्वतःही वाचली. मग म्हणाले, घरात काही हरवलं की तीच शोधून देती सर. मी म्हटलं, त्याला निरीक्षण म्हणत नाहीत. ते बरं सर म्हणून गेले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बालदिन. मुलांना लाडू. माझ्या वाट्याला फुटका.

शिक्षकांच्या चाचणीची तयारी पूर्ण. बारा कौशल्यांच्या व्याख्या तोंडपाठ, क्रमानेसुद्धा. व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली: रिसोर्स पर्सन. छापखान्यात गर्दी नव्हती म्हणून आधीच.

संकल्प: उणकल, सोमवारपासून.

२० नोव्हेंबर, गुरुवार
शिक्षकांच्या चाचणीचा अजून पत्ता नाही. सुकन्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, आम्ही तेच तपासतोय सर. यांना साधा प्रश्नसुद्धा समजत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी
रायापूरला निकालाची बैठक होती. मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. कार्डं खिशात.

मी उठून विचारलं, निकालाआधी आमची चाचणी घेणार आहात की नाही? सुकन्या मॅडम त्याच हळू आवाजात म्हणाल्या, ती तुम्ही दिलीत की सर. तुम्ही मुलांचे पेपर कसे तपासलेत, हीच तुमची चाचणी होती.

मग त्यांनी पडद्यावर एक पेपर लावला. नाव झाकलेलं होतं. शाई हिरवी होती.

त्यांनी विचारलं, हुबळी समुद्रापासून किती उंच? मग त्यांनीच सांगितलं, साडेसहाशे मीटरच्या आसपास. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून इथं पाणी अठ्ठ्याण्णवालाच उकळतं. हे अकरावीच्या पुस्तकात आहे. मी अकरावीला शिकवत नाही. पण हे मला माहीत होतं. माहीत असूनही एकदासुद्धा आठवलं नाही, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण ही डायरी कोणी वाचणार नाही.

त्यांनी आरुषीच्या ओळी वाचल्या. माझ्या पाण्यात ९८. सरांच्या पाण्यात १००. सरांच्या पाण्यात मीठ होतं, माझ्यात नव्हतं. म्हणून दोन्ही बरोबर असतील.

दोन्ही बरोबर असतील. तिने मलाही गुण दिले होते.

आरुषीची निवड झाली आहे. मुलांचे पेपर त्यांनी स्वतः परत तपासले होते. माझे गुण, माझी शिफारस, काहीच धरलं नाही. रिसोर्स पर्सन रायापूरचे श्रीकांत सर. मुलांनी ९८ लिहिलेलं पाहून हे गृहस्थ म्हणे स्वतः पाणी उकळायला गेले आणि सगळ्यांना गुण दिले.

हेही सगळं सहन केलं असतं. पण नंतर सुकन्या मॅडमनी माझ्या वर्गाचे बाकीचे पेपर काढले आणि एकेक खिडकीच्या उजेडात धरला. कागद खोडून खोडून पातळ झाला होता. वर १००, आणि त्याच्याखाली, नीट दिसेल असा, ९८. एक पेपर, दुसरा पेपर. चोवीस. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बसमध्ये उणकल तळ्याच्या बाजूची खिडकी होती. मी दुसरीकडे बघितलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
इंदूला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, मग मी बावीस वर्षं काय सांगत होते? डाळ रात्रीच भिजत घातलेली होती. ती रोजच भिजत घालते, असं कळलं.

संघपालांच्या घरी जाऊन आलो. माझंच चुकलं म्हणालो. ते खुर्ची पुसत राहिले. आरुषी म्हणाली, असू द्या की सर.

५ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी संघपालांच्या फोनवरून मेसेज आला, आरुषीने लिहायला सांगितलेला: सर, बेंगळुरूत ९७ आलं. मी तीनदा वाचला. बेंगळुरू आपल्याहून उंच.

मग ठरवलं, आजच सगळं नीट करायचं. आठवीला लॅबमध्ये नेलं. अप्पाजींना साधं नळाचं पाणी ठेवायला सांगितलं. मुलांसमोर सरळ कबूल केलं, की माझं चुकलं होतं, इथं पाणी अठ्ठ्याण्णवाला उकळतं, आता प्रत्येकाने स्वतः पुढे येऊन, पाऱ्याच्या रेषेत डोळा आणून, दिसेल तेच लिहायचं. चांगलं बोललो. आवाजही जड झाला होता.

मागे वळलो तेव्हा तेहतीस माना खाली होत्या. वह्यांतलं १०० खोडायला रबर इकडून तिकडे फिरत होते. अनिश सगळ्यात आधी हात वर करून म्हणाला, झालं सर, ९८ लिहिलं.

शी. कोणाची किळस आली ते लिहीत नाही. ही मुलं मीच घडवली आहेत.

अप्पाजींनी बर्नर पेटवायला काडी ओढली, तोवर सगळ्या वह्या मिटल्या होत्या.