आजीच्या सहीची दहाची नोट

मी, विल्मा एकहार्ट, वय ८१, राहणार टर्लो, नेब्रास्का, शाळेतून निवृत्त झालेली शिवणशिक्षिका, अविवाहित, डोके पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर भाची आयरीन हिला द्यावे. छप्पर पूर्वेकडून गळते, ते तिला ठाऊक आहे.

२. बँकेतील शिल्लक चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावी. सर्वांत आधी नवी शेगडी घ्यावी.

३. माझे भिंग आणि जुन्या राष्ट्रीय बँकांच्या नोटांवरील तीन टिपणवह्याही आयरीनच्याच. जुनी नोट धुऊ नये, इस्त्री तर मुळीच करू नये. आधी गाव वाचावे, मग बँकेच्या सनदेचा, म्हणजे सरकारी परवान्याचा, क्रमांक, मग सह्या. किंमत सर्वांत शेवटी.

४. नोटांचे व्यापारी ग्रोव्हर पिट यांना पंधरा डॉलर द्यावेत. कारण असे. लिलावात घेतलेल्या शिवणयंत्राच्या खणात मला आमच्याच गावच्या बँकेची दहाची नोट सापडली. पूर्वी गावोगावच्या राष्ट्रीय बँका आपापल्या अध्यक्षाच्या सहीने नोटा काढत. तिच्यावर बँकेची अध्यक्ष म्हणून शाईने सही होती, हेन्रिएटा एकहार्ट. ही माझी आजी. गावच्या छापील इतिहासात मात्र आजोबांमागे बँक त्यांच्या भावाने चालवली असे लिहिले होते.

पिट म्हणाले, “विल्माबाई, सही खोटी आहे. नोटेवर १९०९ साल आहे, तेव्हा तुमचे आजोबा चांगले धडधाकट होते. पंधरा देतो, घ्या आणि विषय संपवा.”

“ते साल बँकेला सनद मिळाल्याचं, छपाईचं नव्हे. नोट उलटी करा की! पाठीवर १९०२, १९०८ हे आकडे आहेत?”

“नाहीत.”

“ते आकडे १९१५पर्यंतच छापत. म्हणजे ही त्यानंतरची छपाई. आजोबा गेले १९११ला. आता सांगा, अध्यक्ष कोण होतं?”

दुकानात चार गिऱ्हाइके ऐकत होती. पिट चष्मा पुसत राहिले. पुढे ओमाहाच्या तज्ज्ञांनी नोट अस्सल ठरवून तिची किंमत चार हजार दोनशे डॉलर लावली.

५. ती नोट कधीही विकू नये. टर्लोच्या वाचनालयात दोन्ही बाजू दिसतील अशी काचेत लावावी.

६. चुलतभाऊ रॉस्को याच्या वडिलांनी आजीला वगळून तो इतिहास लिहिला, म्हणून तीस वर्षे मी त्याच्याशी बोलले नाही. काल नगरसभेत ते पान बदलण्याचा ठराव आला, तेव्हा अनुमोदनाला तोच उभा राहिला. म्हणाला, “बाबा चुकले, विल्मा. आजीचं नाव मोठ्या अक्षरात छापा.” ठराव एकमताने झाला. त्याला माझी चांदीची कॉफीची किटली द्यावी, आणि मी जिवंत आहे तोवर त्याने रविवारी जेवायलाही यावे.

वरील मजकूर वाचून, पटून सही केली.
विल्मा एकहार्ट

आमच्यासमक्ष:
लोइस हॅन्सन, पोस्टमास्तर
आर्नो क्लाइन, पाद्री

टर्लो, १४ ऑक्टोबर १९८७