चैतालीचं रडार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

शिसारी आली. दुसरा शब्दच नाही.

अँटेना तपासायची खोली उघडली तर आत फ्लेक्स! संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह साहेब यांच्या वाढदिवसाचे, बांबूंसकट, पार छतापर्यंत. भिंतींना लावलेला काळा टोकदार फोम – लहरी शोषून घेणारा, सहा वर्षं भांडून मिळवलेला – बांबूंनी फाडून ठेवलाय. बाळू शिपाई म्हणाला, "वरून फोन आलता मॅडम. मोकळी खोली हाय म्हणले."

मोकळी खोली! एकवीस वर्षं या कॉलेजात रडार शिकवते. परळीच्या रस्त्यावर, खिडकीखालून वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर जातात. बंगळूरची प्रयोगशाळा सोडून आले ती वडिलांच्या, अण्णांच्या आजारपणासाठी, दोन वर्षांपुरती. अण्णा गेले. मी राहिले.

फ्लेक्स चैतालीनं बाहेर काढले. मी नुसती बघत उभी.

११ फेब्रुवारी

चैतालीचं यंत्र चाललं!

एम.टेक. झालेली माझी विद्यार्थिनी, सिरसाळ्याची. तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेला सगळा वेळ लॅबमध्ये. तीन वर्षं. तांब्याच्या पत्र्याची चपटी अँटेना तिनंच कापली, तिनंच जोडली. आज विटांच्या भिंतीपलीकडं बाळूला खुर्चीवर बसवलं. लहरी भिंतीतून जातात, छातीवर आपटून परत येतात. श्वासानं छाती हलते तेवढी पडद्यावरची रेघ वरखाली होते. बाळूला श्वास रोखायला सांगितलं – रेघ सपाट!

"सोडा आता काका, मरताल!" चैताली ओरडली. किती हसलो!

मग तिनं यंत्र बंद केलं. तिचा मामा विहीर खोदताना दरड कोसळून गाडला गेला होता. लोकांनी एक अख्खा दिवस भलत्याच बाजूला खोदलं. "कुठं हाय एवढं जरी कळलं असतं, मॅडम..."

६ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. शेजारी चिरंजीव अंगद, मोबाइलमध्ये डोकं. हा चार वर्षांपूर्वी माझ्याकडं पीएच.डी.ला नोंदला गेलाय. लॅबमध्ये दोनदा आला, दोन्हीदा फोटो काढायला.

"मॅडम, पोराचं अडकलंय. पुढच्या साली डायरेक्टर करायचंय त्याला. त्या चैतालीचं काम तयार हाय म्हणतेत. तेच द्या बसवून."

तेच द्या बसवून. बोअरला मोटर बसवावी तसं!

"तुमी तर आमच्या घरच्याच."

मी काय म्हणाले? "विचार करते." समोर ठेवलेलं शहाळ्याचं पाणीही प्याले. सगळं. स्वतःची किळस येते.

१० मार्च

अंगद जिन्यात भेटला. "मॅडम, आपला विषय काय हाय नेमका?"

चार वर्षांनी!

१८ मार्च, मंगळवार

चैताली घरी आली. मला वाटलं रडेल, भांडेल. मी मनात भाषणसुद्धा तयार ठेवलं होतं – आपण दोघी लढू, विद्यापीठात जाऊ, असलं काहीतरी.

ती म्हणाली, "मॅडम, सही करून टाका."

"काय?"

"साहेबांनी शब्द दिलाय. कायम नोकरी. पप्पाची कंबर गेलीय पोते उचलून. मोंढ्यात आता कुणी पोत्याला हात लावू देत न्हाई त्यांला."

मी ओरडले. तुझं काम आहे ते! तीन वर्षं!

"माझंच हाय. तुम्हाला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. कागदावर कुणाचं का असंना." मग हळूच, "तुमी न्हाई म्हणलात तर दुसऱ्या सरांची सही घेतेत. मग मला कायच न्हाई."

चहा न घेता गेली. बन्सीभाऊंना, तिच्या वडिलांना, मी एकदाच पाहिलंय. लॅब बघायला आले होते. चप्पल बाहेर काढली, आत पाऊल टाकेनात. "आमची माती लागंल," म्हणाले.

२१ मार्च

केली सही.

'प्रस्तुत संशोधन हे उमेदवाराने स्वतः, माझ्या मार्गदर्शनाखाली केलेले आहे.' तीनदा वाचलं. पेनही चाललं व्यवस्थित.

~~चैतालीसाठी केली.~~ खोडलं. चैतालीसाठी केली, आणि माझी नोकरीची उरलेली चार वर्षं सुखाची जावीत म्हणूनही केली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. वस्तीत माझा सत्कार. चंद्रभागाबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं – "ही आपली पोरगी रडार शिकविती! हिला कुणी खोटं पाडून दाखवावं!"

टाळ्या. समोर पहिल्या रांगेत चैताली, पांढऱ्या साडीत. तीही टाळ्या वाजवत होती.



९ जुलै, बुधवार

अंगद लॅबमध्ये. सेंटचा भपकारा आधी, तो मागून.

"मॅडम, तोंडी परीक्षेत काय बोलू? मला कायच येत न्हाई. शिकवा."

निदान खरं बोलला. पण डोकं भणाणलं. चोरीचा माल कसा वापरायचा तेही मीच शिकवू? शिकवलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतात तसं – लहर म्हणजे काय, ती परत का येते. मुद्दाम कंटाळवाणं. पळून जाईल म्हणून.

उद्याही येतो म्हणाला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अजून येतोय. चैतालीनं त्याला सोल्डरिंगला बसवलं, त्यानं बोट भाजून घेतलं. मला बरं वाटलं. वाईट आहे मी.

दुपारी भिंतीपलीकडं स्वतः जाऊन बसला. मग परत येऊन आपल्याच श्वासाची नोंदलेली रेघ पडद्यावर बराच वेळ बघत राहिला. चैतालीला विचारलं, "हे तुला कावून सुचलं?" तिनं मामाचं सांगितलं. सगळं. कुठल्या बाजूला खोदलं, मामा कुठं सापडला, कसा.

हा गाडीत जाऊन बसला, काचा वर करून. नाटकं! मोठ्या घरच्या पोरांना दुसऱ्याचं दुःख पाच मिनिटं फार आवडतं.

चैतालीच्या नोकरीचं विचारलं, तर ऑफिस म्हणतं, परीक्षा झाल्यावर बघू. बघू!

११ नोव्हेंबर

उद्या तोंडी परीक्षा. खुली, म्हणजे कुणीही येऊन बसावं. सभागृहाबाहेर मांडव, पेढ्यांच्या डब्यांवर 'डॉ. अंगद' आधीच छापून आलंय. स्वयंपाकाला आचारी थेट कडा गावाहून.

काय होणार ते मला पाठ आहे. अंगद पडद्यावरचं वाचून दाखवणार. बाहेरचे परीक्षक दोन सोपे प्रश्न विचारणार, उत्तर अर्धवट आलं तर मान डोलावणार. प्राचार्य सुग्रीवराव टाळी सुरू करणार. शाल, नारळ, जेवण. मी शेजारी उभी राहून हसणार. फोटोत हात कुठं ठेवायचे तेसुद्धा ठाऊक झालंय आता. हे असले किती फोटो! रडारवर काम करायला निघालेली बाई मी, आणि नोकरीभर उभी राहिले ती बहुतेक फोटोतच.

उद्या एकदाचं होऊन जाऊ दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझं मार्गदर्शकपद गेलं. पत्र यायचंय एवढंच. चैतालीला परीक्षकांनी विद्यापीठात बोलावलंय, तिच्या सगळ्या वह्या घेऊन.

अंगदनं पडदा लावलाच नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "हे काम चैतालीचं हाय. मी निस्तं शिकलो. तेबी जुलैपासून." साहेब उठून निघून गेले. त्यानं वळूनही पाहिलं नाही, खाली मान घालून उभा.

परीक्षकांनी प्रबंधातलं प्रमाणपत्राचं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. "मॅडम, ही सही तुमचीच?"

सुग्रीवराव कानाशी पुटपुटले, "सह्यांच्या गठ्ठ्यात झाली म्हणा. वाचलं न्हाई म्हणा."

मी म्हणाले, "माझीच. वाचून केली."